पैसे लेसरचे, काम तारेचं

हिरड्यांचा काळेपणा काढायचा म्हणून पुण्यात कुठे पैसे भरणार असाल, तर आधी हे वाचा. लग्न ठरलेल्या मुली हेरून हा धंदा जोरात चालतो.

माझ्या भाचीच्या हिरड्या लहानपणापासून काळसर. हा काही रोग नव्हे. कातडीला रंग देणारं मेलॅनिन हिरडीतही असतं, कुणाला कमी, कुणाला जास्त. (सिगारेटने किंवा एखाद्या औषधाने हिरड्या नव्याने काळ्या पडल्या, तर मात्र आधी कारण शोधावं.) लग्नाचे फोटो छान यावेत, एवढीच तिची हौस. कोथरूडमधल्या एका चकाचक दवाखान्यात गेलो. ब्लेडने ६,००० रुपये, लेसरने २२,०००. ब्लेडने रक्तच रक्त, लेसरने काही कळतही नाही आणि काळेपणा परत येणार नाही याची आयुष्यभराची गॅरंटी! वर काउंटरवरची मुलगी म्हणते, "लग्न एकदाच होतं ना मावशी?"

आम्ही लेसरचे पैसे भरले. काम चालू असताना मी आतच होते. भुलीचं इंजेक्शन दिलं. मग मदतनीस मुलीने भाचीच्या पाठीखाली एक पत्र्याची प्लेट सरकवली. डॉक्टरांच्या हातातल्या पेनला पुढे बारीक तारेचा फास होता. पायाने पेडल दाबलं की तो हिरडीवरून फिरायचा आणि जळकट वास यायचा. चष्मा कुणाच्याच डोळ्यांवर नव्हता.

काही महिन्यांत कडेकडेने पुन्हा काळे ठिपके दिसू लागले. दवाखान्याचं उत्तर: "चहा कमी करा." चहाने दात पिवळे पडतात हो, हिरडीत मेलॅनिन कसं तयार होईल?

शेवटी सदाशिव पेठेतल्या एका हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: पाठीखाली प्लेट होती का, आणि चष्मा दिला होता का? उत्तरं ऐकून म्हणाले, हे कॉटरी मशीन, म्हणजे विजेचं काम. वीज परत जायला ती प्लेट लागते. लेसर म्हणजे प्रकाश. दातांच्या डॉक्टरांकडचा डायोड लेसर साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटरचा असतो. त्याला प्लेट लागत नाही, पण डॉक्टर, मदतनीस आणि पेशंट, तिघांनाही त्याचा खास चष्मा लागतोच. वासावर जाऊ नका, जळकट वास दोन्हीत येतो.

आणि ज्या ब्लेडची एवढी भीती घातली, ती पद्धत मुळीच टाकाऊ नाही. वरचा थर खरवडतात, रक्त येतं, काही दिवस हिरडीवर पॅक (जखम झाकणारा लेप) लावतात, आठवड्या-दोन आठवड्यांत जखम भरते. लेसरमध्ये रक्त कमी, पॅक बहुधा लागत नाही, सोय जास्त. सोयीचे पैसे घ्या की! पण रंग कशानेही परत येऊ शकतो, कारण शेजारच्या रंगपेशी पुन्हा आत सरकतात. कॉटरीही काही बेकायदा नाही, मात्र हात जपून चालवावा लागतो. उष्णता खोल गेली तर खालच्या हाडाला इजा होते.

बिलावर फक्त 'गम ट्रीटमेंट'. जाब विचारला तर म्हणे, "मशीन लेसरसारखंच आहे, मॅडम." म्हणून संमतीपत्रावर आणि बिलावर पद्धतीचं आणि मशीनचं नाव लिहून घ्या, मगच खुर्चीत बसा.

आता दवाखान्यावाले निम्मे पैसे परत द्यायला तयार आहेत, पण 'उपचाराबद्दल समाधानी आहे' असं लिहून मागतात. भाचीने सही केलेली नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दवाखान्याने ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फीही लागत नाही.