पर्यावरण जनसुनावणी: खाणपट्ट्यातल्या ग्रामसभेला या सेवेतून काय मिळतं?

खाण येणार म्हटलं की गावापर्यंत पोचणारा पहिला ठळक सरकारी कागद बहुधा जनसुनावणीचा असतो. महाराष्ट्रात ही सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेतल्या परिशिष्ट ४ प्रमाणे. लोक तिला मतदान समजून जातात आणि हात हलवत परत येतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो: गावाचं म्हणणं कायमचं नोंदवून ठेवण्याची सोय म्हणून ही सेवा चांगली आहे. गावाची संमती घेण्याची सोय म्हणून तिचा उपयोग शून्य, कारण ती त्यासाठी केलेलीच नाही. सगळा मांडव एकमुखाने ‘खाण नको’ म्हणाला तरी तेवढ्यावर प्रकल्प अडत नाही. पण मांडलेल्या मुद्द्याला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर मंजुरीची शिफारस करणाऱ्या समितीपुढे जातं. आदिवासी गावाने या सेवेकडे त्या उत्तरासाठी जायचं.

मुदती कडक आहेत. कंपनीचं पत्र आल्यापासून ४५ दिवसांत सुनावणी उरकायची असते. मंडळ ७ दिवसांत तारीख, वेळ, जागा ठरवतं आणि एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक दैनिकात जाहिरात देतं. जाहिरात आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस हवेत. जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी किंवा रेडिओ वापरायचा, असंही नियमात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली-भामरागडसारख्या तालुक्यांत जाहिरातीपेक्षा हेच कलम कामाचं, म्हणून खाणीची कुणकुण लागताच ग्रामसभेने जिल्हाधिकाऱ्यांना पत्र देऊन पाड्यापाड्यात दवंडीची मागणी करावी आणि पोच घ्यावी. त्याच पत्रात माडिया या तिथल्या आदिवासी भाषेचा दुभाषाही मागावा. नियम स्थानिक भाषेत समजावून सांगायला सांगतो, पण व्यासपीठावरचा कारभार मराठीत चालतो आणि सारांश मराठी-इंग्रजीत येतो. माडिया बोलणाऱ्या बायाबापड्यांना चांगलं मराठी समजतं हे गृहीत धरणं अन्यायाचं आहे.

जागा हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष. अधिसूचना म्हणते, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्या. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीचं उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासाठीची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोली शहरात, म्हणजे खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. सुनावणीला गणपूर्तीची अटच नाही, त्यामुळे डोंगराखालची गावं पोचली नाहीत तरी कामकाज कायदेशीर ठरतं. जागेवरची हरकत सुनावणीच्या दिवशी घेऊन भागत नाही. ती जाहिरात आल्याच्या आठवड्यात लेखी द्यावी लागते.

आता अहवाल. मसुदा ईआयए जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित पंचायतीत बघायला मिळायला हवा. जाडजूड इंग्रजी ग्रंथ असतो, सगळा वाचायची गरज नाही. मराठी सारांश गावात मोठ्याने वाचून घ्यावा आणि मूळ अहवालात मोजक्या जागी बोट ठेवावं.

पहिली जागा: हवा-पाण्याची मोजणी कोणत्या महिन्यांतली आहे? खाणींसाठी पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी चालते. नुकसान मात्र पावसाळ्यात होतं. लोहखनिजाच्या ढिगाऱ्यावरून लाल गाळ ओढ्यात आणि ओढ्यातून धानाच्या बांधीत उतरतो तो जुलै-ऑगस्टात. गोव्यात सांगे, डिचोलीच्या शेतांनी हे भोगलं आहे. उन्हाळ्यातल्या कोरड्या नाल्याची मोजणी करून ‘परिणाम नगण्य’ लिहिलेलं असेल, तर हरकत तिथेच घ्यायची.

दुसरी जागा: नकाशा. खाणपट्ट्याभोवतीचा १० किलोमीटरचा टापू अभ्यासात धरतात. त्यात आपले नाले, देवाच्या जागा, मोहाची झाडं, तेंदूपत्त्याचं जंगल आहे का ते ताडून बघा. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. असं ठाणं अहवालात फक्त ‘वनजमीन’ म्हणून येत असेल, तर ते जागेच्या नावानिशी नोंदवून घ्या.

तिसरी जागा: वनहक्कांची स्थिती. खाणींच्या ईआयएमध्ये वनहक्क कायद्याची अंमलबजावणी कुठवर आली आहे हे लिहावं लागतं. सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या एकत्रित हक्काचा, दावा प्रलंबित असेल आणि तिथे एका ओळीत ‘दावे नाहीत’ असं असेल, तर वनहक्क समितीची दाव्याची पोच जोडून खोडून काढायचं. याहून मोठं हत्यार या अहवालात सापडायचं नाही.

चौथी जागा: वाहतूक. हिशोब स्वतः करावा. वर्षाला ३० लाख टन, ३०० दिवस, ट्रकामागे २५ टन धरले तर रोज ४०० भरलेले ट्रक, आणि तितकेच रिकामे परतणारे. शाळेच्या दारातून रोज आठशे फेऱ्या हा आकडा सभागृहात उच्चारला की गप्पा थांबतात.

बोलताना काय टिकतं? ‘आमच्या शेतीचं वाटोळं होईल’ ही वेदना खरीच, पण उत्तराच्या तक्त्यात तिच्यापुढे ‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ एवढंच येतं. तेच असं मांडा: ‘गट नंबर अमुक, नाल्याच्या खालच्या अंगाला बारा घरांची धानशेती. अहवालात हा नाला दाखवलेला नाही. ढिगाऱ्याभोवतीचा चर आणि गाळ अडवणारी टाकी कुठे, किती मापाची, कोणत्या पावसाळ्याआधी?’ याला मोघम उत्तर देता येत नाही. मागण्याही अशाच द्याव्या: काम, जागा, वर्ष, रक्कम. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ३० सप्टेंबर २०२० च्या आदेशानुसार सुनावणीत दिलेली आश्वासनं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात प्रत्यक्ष कामांच्या रूपात यायला हवीत. ‘गावाचा विकास करा’ या मागणीचं काम कुठल्याच रकान्यात बसत नाही. बोलून झालं तरी तेच लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

शेवटचा तास सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमके तेव्हाच लोक गाडी पकडायला उठतात. इतिवृत्ताचा सारांश तिथेच, स्थानिक भाषेत, वाचून दाखवायचा असतो आणि अध्यक्षस्थानी असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी त्यावर सही करायची असते. कमीत कमी पाच जणांनी थांबावं, आपला मुद्दा वाचला जातो का ते ऐकावं, गाळला असेल तर तिथेच उठून सांगावं. व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे, त्याचीही प्रत मागावी.

संमतीचं काय? तिचा रस्ता वेगळा. वनजमीन वळवायची असेल तर ३ ऑगस्ट २००९ च्या पर्यावरण मंत्रालयाच्या पत्राने ग्रामसभेची संमती आवश्यक केली. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर १२ ग्रामसभा जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत बसल्या आणि बाराही जणींनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तो नकार चालला, कारण ग्रामसभा पाड्यातच भरली होती. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी ही संमती तपासण्याचं काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याकडे ढकललं, त्यामुळे आता जंगलाच्या फायलीचा निर्णय होऊन गेल्यावर गावाला विचारलं जाण्याची भीती आहे. म्हणून सुनावणीच्या आधीच ग्रामसभा भरवावी. वनहक्क नियमांप्रमाणे निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, सह्या-अंगठे पूर्ण हवेत. तो ठराव सुनावणीत वाचून इतिवृत्ताला जोडून घेतला, तर पुढे ‘ग्रामसभेने हरकत घेतली नाही’ असं कोणाला म्हणता येत नाही.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अणुखनिजं आणि अत्यावश्यक ठरवलेल्या खनिजांच्या खाणींना ही सुनावणीच माफ झाली आहे. लिथियम किंवा युरेनियमच्या पट्ट्यातल्या गावांसाठी आता ग्रामसभेचा ठराव हाच काय तो कागद उरतो, आणि हे फार चुकीचं झालं आहे.

मंजुरी मिळाली तर कंपनीला ती ७ दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावी लागते. पर्यावरणाचे तंटे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे आपल्याकडे पुण्याच्या खंडपीठाकडे, अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण दिलं तर आणखी ६० मिळतात, त्यापुढे दार बंद. अपिलाला लागणारी कागदं म्हणजे शिक्क्याची प्रत, इतिवृत्त, चित्रण आणि ठराव. ही फाईल सरपंचाच्या घरी न ठेवता ग्रामसभेच्या पेटीत ठेवा.