पी कोट पाच महिने वापरला आणि भांडलो एका बटणावरून

जानेवारीत बोस्टनच्या रेड लाइन मेट्रोच्या गर्दीत कुणाच्या तरी कॉफीने माझ्या पी कोटाला, म्हणजे खलाशांच्या जाड लोकरी कोटाला, आंघोळ घातली. लोकरीवरची कॉफी लगेच फडक्याने टिपून घेतली तर बरीचशी निघते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. दिला ड्रायक्लीनरकडे. बावीस डॉलर मोजले, घरी आणून प्लास्टिक काढलं, तर सगळ्यात वरचं, जहाजाच्या नांगराचं चित्र असलेलं बटण गायब आणि त्याच्या जागी शर्टाला शोभेल असं चार भोकांचं काळं बटण!

बाकीच्यांना हे किरकोळ वाटेल. पण पी कोट वापरणाऱ्याला विचारा. या कोटाची सगळी मदार त्या वरच्या बटणावर असते. कॉलर उभी करायची, ते बटण लावायचं, की हनुवटीपर्यंत किल्ला बंद. मफलर लागत नाही. ते बटण नसेल तर कॉलर नुसती शोभेची. नॉर्थ क्विन्सीच्या उघड्या फलाटावर खाडीकडून येणारा वारा थेट गळ्यात शिरतो. आणि ते पर्यायी बटण इतकं लहान होतं की काजातून आपोआप बाहेर यायचं.

आधी कोटाबद्दल. मॉलमधला नवा पी कोट दोन वर्षांपूर्वी घेतला होता, सेलमध्ये. लोकर साठ टक्के, उरलेलं पॉलिस्टर. पहिल्याच हिवाळ्यात काखेत आणि बॅगेच्या पट्ट्याखाली गोळे आले, आणि वारा लागला की अंगात टीशर्टच आहे असं वाटायचं. म्हणून या खेपेला जुना, खरा अमेरिकी नौदलाचा शोधला. लष्करी माल विकणाऱ्या एका दुकानात ४५ डॉलरला मिळाला. घेणाऱ्यांनी आतल्या खिशाजवळची चिठ्ठी नक्की वाचावी. त्यावर ठेक्याचा क्रमांक असतो. माझ्यावर डीएसए (लष्करासाठी खरेदी करणारी सरकारी संस्था) १०० आणि पुढे ७३ आहे, म्हणजे १९७३ च्या आर्थिक वर्षातला ठेका. चिठ्ठीवर डीएलए, म्हणजे त्याच संस्थेचं पुढचं नाव असेल, तर कोट त्यानंतरचा. १९८० च्या आसपासपर्यंत नौदल केर्सी नावाचं कापड वापरत असे, पुढे मेल्टन आलं. केर्सीवर नीट पाहिलं तर तिरकी वीण पुसटशी दिसते, मेल्टन सपाट दिसतं. दोन्ही चांगलीच, पण माझं मत केर्सीला.

माझी आई नोव्हेंबरमध्ये संगमनेरहून आली. तिने कोट हातात घेतला, बाही चिमटीत धरून चुरगाळली आणि म्हणाली, "अरे, ही तर घोंगडीच. नुसत्या बाह्या लावल्यात!" मी हसलो, पण तिचं बरोबरच होतं. कापड विणून झाल्यावर ते ओलं करून कुटतात. लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, कापड आटतं, घट्ट होतं, आणि वाऱ्याला आत शिरायला वाट उरत नाही. आमच्या आजोबांच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असायची. ती इतकी ताठ होती की कोपऱ्यात उभी केली तरी पडायची नाही. पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळून जायचं. या कोटावरही ओला बर्फ पडला की थेंब वरच राहतात, झटकले की गेले. मात्र तास-दीड तास भिजला तर पाणी पितो, जड होतो आणि घरभर मेंढवाड्याचा वास सुटतो. तेव्हा खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवा. हीटरवर टाकू नका.

वजन घरच्या काट्यावर सव्वादोन किलो भरलं. पहिला आठवडा खांदे दुखले. नंतर सवय झाली, आता दुसरं जाकीट घातलं की काहीतरी विसरून आलोय असं वाटतं. खिसे खोल आहेत, हात कोपरापर्यंत जातील असे. लांबी मात्र कमरेखाली जेमतेम, त्यामुळे मांड्या गारठतात. टोपी नाही. माप छातीचंच धरा, पण आत जाड स्वेटर घालणार असाल तर एक माप वर. मी घेतलं नाही, भोगतोय.

हिवाळा तसा मवाळच गेला. अपवाद एकच, ४ फेब्रुवारी २०२३ ची सकाळ. बोस्टनमध्ये पारा उणे २३ सेल्सिअसवर. त्या दिवशी हा कोट घालून दुधाला म्हणून बाहेर पडलो आणि तिसऱ्या मिनिटाला परत फिरलो. अशा थंडीला पिसांचं जाड जाकीटच हवं, कुणी काहीही म्हणो. नौदलानेही २०१८ च्या ऑक्टोबरपासून नव्या खलाशांना पी कोटऐवजी काळा पार्का, म्हणजे थंडीचं जाकीट, द्यायला सुरुवात केली. नौदलाचे हे कोट वर्षानुवर्षं शिवणारा ईस्ट बोस्टनचा स्टर्लिंगवेअरचा कारखानाही त्यानंतर बंद पडला. म्हणजे आपल्या गावचा कोट, आणि आता आपल्याच गावात जुना शोधायचा.

तर बटण. मी ड्रायक्लीनरच्या दुकानात परत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: बटणं, झिपा, मणी यांची जबाबदारी आमची नाही. मी म्हटलं, अहो, जबाबदारी नाही तर मग बदललंत कशाला? तुटलं होतं, म्हणून उपकार केला, असं उत्तर आलं. मग तुटलेलं द्या. ते टाकून दिलं. चाळीस मिनिटं हुज्जत घातल्यावर दहा डॉलरची पावती हातात पडली, पुढच्या धुलाईत वळती करून घ्यायची. म्हणजे पुन्हा त्यांच्याकडेच कोट द्यायचा! मी ऑनलाइन नांगराचं बटण शोधलं. बटण तीन डॉलर, पाठवणावळ सात. तरीही मागवलं. पोटात दुखलं, पण मागवलं.

जानेवारीच्या अखेरीस लिहिलं असतं तर मी या कोटाला पाचपैकी तीन तारे दिले असते. कारण नवं बटण मी स्वतः लावलं आणि ते आठ दिवसांत पुन्हा लोंबायला लागलं. मला वाटलं, जुन्या कोटाचं कापडच गेलंय.

आईने चष्मा लावून पाहिलं. "कापडाला काही झालेलं नाही. तू बटण कापडाला चिकटवून शिवलंयस. याला मान हवी."

मग तिने जे केलं ते लिहून ठेवतो. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची एक काडी ठेवली आणि काडीवरून टाके घातले. कोटाच्या आतल्या बाजूला, बरोबर त्याच जागी, माझ्या जुन्या शर्टाचं छोटं बटण ठेवलं आणि दोन्हीतून दोरा नेला. त्यामुळे ताण कापडावर न येता त्या आतल्या बटणावर येतो. मग काडी काढली, बटण उचललं आणि खाली सैल राहिलेल्या दोऱ्याभोवती सात-आठ वेढे देऊन गाठ मारली. झाली मान. बटण काजातून आल्यावर इतकं जाड कापड त्याच्याखाली मावायला जागा लागते, ती त्या मानेतून मिळते. दोरा कोणता, तर दातांच्या फटी साफ करायचा, बाथरूममधला. वर काळा मार्कर फिरवला. घरात तिला त्याहून मजबूत काही सापडलं नाही, म्हणाली.

फेब्रुवारीपासून आजपर्यंत बटण जागचं हललं नाही. मग तिने बाकीचीही पाच तशीच लावून घेतली, "एकाच दोऱ्यात होतात" म्हणून. त्यातल्या एकाचा नांगर थोडा तिरका बसलाय. मला रोज दिसतो. तिला सांगितलं नाही.

आता चार पूर्ण, अर्धा मांड्यांसाठी कापला, अर्धा स्वेटर मावत नाही म्हणून.

गेल्या आठवड्यात आई परत गेली. जायच्या आधी कोट ब्रशने झाडून, दिवसभर उन्हात ठेवून, जुन्या चादरीत गुंडाळून बॅगेत भरला. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकल्या, इतक्या की नोव्हेंबरमध्ये मला फलाटावर आपोआप जागा मिळेल.

दहा डॉलरची ती पावती माझ्याकडे पडून आहे. मुदत ३० जूनपर्यंत. क्विन्सीत कुणाला हवी असेल तर सांगा, पण कपडे देण्याआधी बटणं मोजून घ्या.