अनलोडर नी-ब्रेस: सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात सरावाच्या मध्येच माझ्या अनलोडर ब्रेसच्या, म्हणजे गुडघ्याच्या दुखऱ्या बाजूवरचा भार कमी करणाऱ्या आधाराच्या, मांडीवरच्या पट्ट्याचे वेल्क्रो सुटले. वेल्क्रो हा ‘झिजणारा भाग’ असल्यामुळे तो हमीत येत नाही, एवढेच उत्तर सेवा विभागाने तीनदा दिले. सुटा पट्टा ते विकतही नाहीत. संपूर्ण ब्रेस नवा घ्या म्हणतात. सांगाडा आणि बिजागरी शाबूत असताना हे मला मुळीच पटत नाही.

मी ८०० मीटर धावते. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला) श्रेणी ३ची इजा आहे, म्हणजे ती निम्म्याहून अधिक जाडीपर्यंत गेली आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती स्नायूसारखी भरून येत नाही, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय पुढे ठेवून मी आधी भार कमी करण्याचा मार्ग धरला. ब्रेस तीन ठिकाणी दाब देऊन तो भार थोडा बाहेरच्या बाजूला वळवतो, पण बिजागरी सांध्याच्या रेषेत असेल तरच.

माझा ब्रेस मात्र घसरत असे. अर्धा तास चालले की तो दोन बोटे खाली येई आणि दाब भलत्याच जागी पडे. मी सिलिकॉनची पट्टी लावली, आत लांब मोजा घातला, दर वीस मिनिटांनी थांबून पट्टे आवळले, तरी फरक पडला नाही. पहिले तीन महिने मी या ब्रेसला सरळ निरुपयोगी म्हणत होते.

ते मत आता मागे घेते. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंमी वर मांडीचा घेर मोजायची सवय फिजिओथेरपिस्टने लावली, तेव्हा कारण कळले. ब्रेसचे माप दिले त्या दिवशी घेर ४८ सेंमी होता. सांध्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू नीट आकसत नाही आणि रोडावतो. माझा घेर ४६ वर आला आणि ब्रेस सैल पडला. व्यायामाने स्नायू परतू लागला तसे पाचव्या महिन्यात घसरणे आपोआप थांबले. आज घेर ४९.५ आहे, त्यामुळे पट्ट्याची टोके जेमतेम एकमेकांवर येतात, आणि वेल्क्रो सुटले ते त्यामुळेच. कूर्चेच्या इजेत मांडी बदलत राहणार हे ठाऊक असूनही माप एकदाच घ्यायचे आणि पट्टा एकाच लांबीचा द्यायचा, ही उत्पादनातली खरी उणीव आहे.

जिना उतरताना आणि दिवसभराच्या चालण्यात या ब्रेसने मला निःसंशय आधार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला नसणे हीच माझी कसोटी होती आणि बहुतेक आठवडे ती पार पडली. वेगाच्या धावांसाठी मी तो कधीच वापरला नाही, कारण त्यात पाऊल नैसर्गिक पडत नाही.

घेणार असाल तर सूज उतरल्यावरच माप द्या आणि सुटे पट्टे मिळतात का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या. लांब पट्ट्यासाठी माझा चौथा अर्ज आज गेला आहे.