खाली विकेट, वर अजून रनअप : जुने एसडी आणि नवे एचडी बॉक्स आठ महिने एकत्र चालवल्यावर

लालबागला आमचं छोटं हॉटेल आहे. खाली साधा विभाग, पोटमाळ्यावर एसी. चार टीव्ही, चार सेटटॉप बॉक्स, गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एकच डिश आणि तिच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा, चार आउटपुटचा एलएनबी. खालचे दोन बॉक्स जुने एसडी. वरचे दोन एचडी गेल्या ऑक्टोबरात घेतले, आणि हौस म्हणून नाही. परतीच्या पावसात वरच्या एका जुन्या बॉक्सचा अॅडॉप्टर उडाला. कंपनीचा माणूस म्हणाला, "हे मॉडेल बंद झालं शेठ, आता एचडीच घ्या, दोन्ही बदलून टाका." बदलले. पुढच्याच आठवड्यात तसाच अॅडॉप्टर मला लॅमिंग्टन रोडला दीडशे रुपयांत मिळाला. तो राग अजून उतरलेला नाही, तेव्हा वाचताना तेवढं धरून चाला.

चित्राबद्दल तक्रार नाही. बॉल दिसतो, घामसुद्धा दिसतो.

बसवणाऱ्या मुलाने मात्र केबल वाचवायला दोन एचडी बॉक्स एकाच वायरवर साधा स्प्लिटर लावून जोडले होते. एका टीव्हीवर मॅच लावली की दुसऱ्यावरचे निम्मे चॅनेल गायब. बॉक्स एलएनबीला व्होल्टेजवरून हुकूम देतो, १३ व्होल्ट म्हणजे एक पोलरायझेशन (सिग्नलच्या लहरी आडव्या की उभ्या ते), १८ म्हणजे दुसरं, आणि निम्मे चॅनेल एकावर, निम्मे दुसऱ्यावर. एका वायरवर दोघं वेगवेगळं मागायला लागले की एकाचंच चालतं. एलएनबीची चौथी वायर रिकामीच लोंबत होती. ती मी स्वतः गच्चीवर जाऊन ओढली, टोकाला एफ कनेक्टर पिळला, काम झालं. व्हिजिट चार्ज मात्र त्यांनी घेतलाच.

आता मूळ दुखणं. आयपीएल सुरू झाल्यावर लक्षात आलं की आमचा एक वेटर वरच्या गिऱ्हाइकांत फारच लोकप्रिय झालाय. ट्रे घेऊन जिना चढायचा आणि टेबलाशी उभा राहून म्हणायचा, "हा गेला बघा." बॉलर अजून धावतच असायचा. आणि खरंच दांडी उडायची! कॉलेजची पोरं त्याच्याशी टीपची पैज लावायला लागली. आठवडाभर मला वाटलं, पोराला क्रिकेट कळतं.

मग एकदा मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहिलो, जिथून खालचा आणि वरचा दोन्ही टीव्ही दिसतात. खाली बॅट्समन पॅव्हेलियनकडे वळला होता, वर बॉलर अजून धावत होता. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून पाच ओव्हर मोजलं. कधी साडेतीन सेकंद, कधी चार, पण एचडी कायम मागे. म्हणजे खाली चाळीस रुपयांची भजी खाणाऱ्याला विकेट आधी, आणि वर एसीचे जादा पैसे भरणाऱ्याला खालचा आरडाओरडा ऐकून मग. त्यातला एकजण बिल देताना म्हणाला, "मालक, वरती शिळी मॅच दाखवता का?"

कस्टमर केअरला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, "सर, रिफ्रेश पाठवला आहे, बॉक्स चालू ठेवा." रिफ्रेश हा बंद पडून राहिलेल्या बॉक्सवरचा उपाय. तो बरेच दिवस बंद राहिला की आतल्या कार्डाची चॅनेल दाखवायची परवानगी उडू शकते आणि पुन्हा सिग्नलवरून मिळेपर्यंत पैसे भरूनही चॅनेल दिसत नाहीत. इथे त्याचा काय संबंध?

मी बॉक्सला दोन महिने शिव्या दिल्या. त्या आता मागे घेतो. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असला तरी वर जाऊन खाली यायला सिग्नलला जेमतेम पाव सेकंद लागतो, आणि तो दोघांना सारखाच. फरक पडतो तो चित्र दाबून पाठवण्यात. एचडीचा पसारा मोठा. तो बारीक करून पाठवायचा, बॉक्सने साठवून पुन्हा उलगडायचा, मग टीव्ही स्वतःची रंगरंगोटी करणार. ती रंगरंगोटी कमी करणारा गेम मोड टीव्हीवर लावून पाहिला, काही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बॉक्स बदलून मागितला असता तर पुन्हा व्हिजिट चार्ज गेला असता, एवढंच.

उपाय फुकटात निघाला. आमच्या एचडी बॉक्सला मागे लाल-पांढरी-पिवळी एव्ही पिनही आहे. पोटमाळ्याच्या फळीला भोक पाडून दोन्ही बॉक्सच्या एव्ही वायरी खालच्या टीव्हींना दिल्या. खाली चित्र एसडीच, पण आता वर-खाली एकदमच ओरडा होतो. एचडीएमआय स्प्लिटर नि लांब केबलचा भावही काढला होता, आकडा ऐकून परत आलो. टीव्हीमागे व्यावसायिक दराने पैसे भरतोय, त्यामुळे एका बॉक्सची तार दुसऱ्या टीव्हीला दिल्याचं ओझं मनावर नाही. उलट जुने दोन बॉक्स नुसते दिवे लावून बसलेत आणि त्यांचा रिचार्ज चालूच, हे बघून पोटात दुखायचं. मे महिन्यात ते बंद करायला निघालो होतो.

बरं झालं नाही केले. जूनमध्ये पहिली जोरदार सर आली आणि वरचे दोन्ही एचडी चौकटी-चौकटी होऊन थिजले. खालचे एसडी तसेच चालू! डिश टीव्हीचा सिग्नल ज्या केयू बँडवर येतो त्याला पाऊस बाधतोच, पण आमच्या एचडी चॅनेलना सिग्नल जास्त स्वच्छ लागतो, त्यामुळे आधी मान टाकतात तेच. आता आभाळ भरलं की खालच्या टीव्हीचा सोर्स एव्ही वनवरून एव्ही टूवर, म्हणजे जुन्या बॉक्सवर टाकायचा, असा नियम केलाय. रिचार्जचं दुःखही त्यामुळे निम्मं झालं.

एक किरकोळ कटकट राहिली. एकाच खोलीतले दोन एचडी बॉक्स एकाच रिमोटला ओ देतात. कोपऱ्यातल्या कुटुंबाला मालिका लावून दिली की समोरची मॅचही बदलते. अगरबत्तीच्या पुड्याची नळी करून रिमोटच्या तोंडाला चिकटवली आहे, नेम धरून दाबावं लागतं.

परवा मॅच चालू असताना पाऊस आला, खालचे टीव्ही जुन्या बॉक्सवर टाकले. अर्ध्या तासात उघडलं, वरचं चित्र परत आलं. खालचा सोर्स बदलायला बघतो तर टीव्हीचा रिमोट गल्ल्यावर नाही. टेबलाखाली शोधला, फ्रिजवर शोधला. तेवढ्यात पोटमाळ्यावरून आवाज आला, "हा गेला बघा." रिमोट त्याच्या खिशात होता.