सोदेरोसेनला एकच दिवस आहे: शेरालीद की ओदेनशॉन?

‘बीचचं जंगल बघायला चाललोय’ असं घरी फोनवर सांगितलं की पलीकडून हमखास प्रश्न येतो, ‘पोहायचे कपडे घेतलेस का?’ तर हा बीच म्हणजे झाड. राखाडी, गुळगुळीत सालीचं. आणि ठिकाण दक्षिण स्वीडनमधलं सोदेरोसेन, २००१ पासून राष्ट्रीय उद्यान. प्रवेश फुकट. माल्मो-लुंडकडची आपली मंडळी एका दिवसात जाऊन येतात, पण आत शिरायचं कुठून, शेरालीदकडून की ओदेनशॉनकडून, यावर घोळ होतो.

माझं मत शेरालीदच्या बाजूने. खरी घळ तिथेच आहे. खाली ओढा, दोन्ही अंगांना बीच आणि मध्येच उतारभर पसरलेले दगडांचे ढीग. बर्फाने फोडून टाकलेले, शेवाळलेले, काही अजून डुगडुगणारे. खोली जास्तीत जास्त ९० मीटरच्या आसपास. सह्याद्रीत हिंडलेल्याला आकडा किरकोळ वाटेल, आणि सांदणसारखी ही घळ अंगावरही येत नाही. पण कोपारहातेनच्या कड्यावर उभं राहून खाली बघितलं की दरी दिसतच नाही, नुसते झाडांचे शेंडे दिसतात. वर चढताना धाप लागते. गुडघ्यांची तक्रार असलेल्या आई-बाबांना गाडीने वरच्या पार्किंगपर्यंत न्या. खाली शेरालीदलाही एक तळं आहे, त्याभोवतीची वाटही सपाट आहे. माहिती केंद्र इथेच, त्यामुळे गर्दीही इथेच.

ओदेनशॉन म्हणजे रोस्तोंगा गावाजवळचं जवळपास गोल तळं, तीन बाजूंनी कडे. त्याला तळच नाही असं जुने लोक म्हणत. प्रत्यक्षात खोली वीसेक मीटर. चालणं थोडं, शांतता भरपूर, लहान मुलं असतील तर हेच बरं. मात्र तासाभरात बघून होतं आणि मग ‘आता काय?’ सुरू होतं.

एप्रिलअखेरीस जाणार असाल तर मात्र मी ओदेनशॉनकडे झुकेन. बीचला पालवी फुटून सावली दाट व्हायच्या आत जमिनीवर पांढऱ्या ॲनिमोनी फुलांचा सडा पडतो, आणि तळ्याकडे नेणाऱ्या नाकार्प दरीत तो डोळे भरून बघता येतो. ऑक्टोबरात निर्विवाद शेरालीद. तेव्हा ओल्या पानांवरून पाय सटकतो, चपला-सँडल नकोत. बसने जात असाल तर परतीची वेळ आधी बघून ठेवा.