निवडणूक ड्युटी लागली: टपाली मतपत्रिका घ्यावी की ईडीसी?

ऑर्डर हातात पडली की पहिल्या प्रशिक्षणातच दोन अर्जांचा विषय निघतो. टपाली मतपत्रिकेसाठी नमुना १२ आणि निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्रासाठी, म्हणजे ड्युटीच्याच केंद्रावर मत देऊ देणाऱ्या ईडीसीसाठी, नमुना १२अ. बरेच जण शेजारचा भरतो तोच अर्ज भरून मोकळे होतात. (हे सगळे लोकसभा-विधानसभेपुरते. पालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे, त्यांचे नियम वेगळे.)

विधानसभेला निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही. नाव ज्या मतदारसंघात आहे तिथेच ड्युटी असेल तरच ईडीसी चालते, आणि मतदान पथकातल्या माणसाला शक्यतो त्याची स्वतःची विधानसभा देत नाहीत. तिथे टपालीच. लोकसभेला मात्र खरी निवड असते. महाराष्ट्रात एका लोकसभेत सहा विधानसभा येतात, त्यामुळे बाहेरच्या विधानसभेत पाठवले तरी लोकसभा तीच राहू शकते.

जिल्ह्यावरून किंवा शहरावरून अंदाज बांधू नका. पिंपरी आणि चिंचवड मावळ लोकसभेत आहेत, भोसरी मात्र शिरूरमध्ये. हडपसरही शिरूरमध्ये आणि खडकवासला बारामतीत. भोसरीच्या मतदाराला चिंचवडचे केंद्र मिळाले तर त्याची ईडीसी तिथे चालणार नाही.

टपालीची जमेची बाजू आधी सांगतो. मतदानाच्या दिवसाआधीच मत देऊन होते, डोक्याला ताप राहत नाही. सुविधा केंद्रावर, म्हणजे प्रशिक्षणाच्या ठिकाणी टपाली मतदानासाठी मांडलेल्या केंद्रावर, ओळखपत्र दाखवायचे, मतपत्रिका घ्यायची आणि घोषणापत्र म्हणजे नमुना १३अ भरून राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करायची. तो तिथेच बसलेला असतो. खूण केलेली मतपत्रिका लहान पाकिटात जाते. घोषणापत्र त्या लहान पाकिटात टाकायचे नाही. बंद केलेले लहान पाकीट आणि घोषणापत्र दोन्ही मोठ्या पाकिटात जातात. मते बाद होतात ती इथेच. मतमोजणीला आधी मोठे पाकीट उघडतात. घोषणापत्र बाहेर सापडले नाही, त्यावर साक्षांकन नसले किंवा त्यातला मतपत्रिकेचा क्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर लहान पाकीट उघडलेही जात नाही. सवयीने मतपत्रिकेवरच सही ठोकणारेही भेटतात. ओळख पटेल अशी खूण झाली की ते मत गेले. २०२४ मध्ये मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला आणि तिथे बाद टपाली मते पुन्हा तपासावी लागली, यावरून काय ते समजा.

पण पाकिटे नीट लक्ष देऊन भरता येतात. मला टपाली नकोशी वाटते ती वेगळ्या कारणाने. मतपत्रिका तुमच्या नावे निघाली की तुमच्या गावच्या चिन्हांकित यादीत, म्हणजे केंद्रावरच्या खुणा केलेल्या मतदार यादीत, नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट) पडते. त्यानंतर ऐनवेळी ड्युटी रद्द झाली, तरी घराशेजारच्या केंद्रावर मत देता येत नाही. आणि ती मतपत्रिका तुमच्या हाती पडेलच असे नाही. अर्ज माघारीची मुदत संपल्यावर उमेदवारांची यादी पक्की होते, तेव्हा छपाई सुरू होते. मतदारसंघ दुसरा असेल तर तुमचा अर्ज तिकडे जाणार, मतपत्रिका इकडे येणार, आणि ती दुसऱ्या प्रशिक्षणाच्या दिवसापर्यंत पोचायला हवी. नाही पोचली की टेबलावरचा कर्मचारी ‘अजून आली नाही’ म्हणतो आणि पुन्हा खेप पडते. पूर्वी घरून भरून मतमोजणीच्या सकाळी आठपर्यंत पोचवायची मुभा होती. २०२३ च्या नियमदुरुस्तीनंतर ड्युटीवरच्या मतदाराने सुविधा केंद्रावरच मत द्यायचे असते, त्यामुळे हुकलेला दिवस भरून काढायला वाव उरलेला नाही. आधी नाव अडकवायचे आणि मग मतपत्रिकेची वाट पाहायची, हे मला पटत नाही.

ईडीसीत कागद तुमच्या खिशात असतो. ड्युटीच्या केंद्रावर केंद्राध्यक्षासमोर त्यावर सही करायची, प्रमाणपत्र त्याच्याकडे द्यायचे, आणि चिन्हांकित यादीच्या शेवटी तुमचे नाव व मूळ यादीतला क्रमांक लिहून झाला की इतरांसारखे यंत्रावर मत द्यायचे. घोषणापत्र नाही, पाकिटे नाहीत. यादीच्या शेवटची ती नोंद मात्र राहू देऊ नका, नाहीतर संध्याकाळी हिशेब जुळवताना सगळे पथक अडकते. अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, उरकून प्रत्यक्ष मतदान सुरू झाले की पहिल्या काही मिनिटांतच आपले मत देऊन टाकावे. दुपारी रांग वाढली की टेबल सोडवत नाही.

ईडीसीलाही एक खोट आहे. पहिल्या प्रशिक्षणाला विधानसभा ठरलेली नसू शकते, ती दुसऱ्या सरमिसळीनंतर, म्हणजे संगणकाने पथके ठरवल्यावर, कळते. म्हणून अर्ज देतानाच विचारा की आपली लोकसभा बदलू शकते का. बदलण्याची शक्यता असेल तर मुकाट्याने नमुना १२ भरा. तो मतदानाच्या किमान सात दिवस आधी पोचावा लागतो, १२अ किमान चार दिवस आधी. निवडणूक निर्णय अधिकारी मुदत कमी करू शकतात, पण त्यावर विसंबू नये. अर्जाला ऑर्डरची प्रत जोडा आणि यादी भाग क्रमांक व अनुक्रमांक ताज्या यादीतून घ्या. यादी नव्याने निघाली की क्रमांक बदलतात.

राखीव पथकात नाव असेल तर माझा कलही डळमळतो. ईडीसीवर ड्युटीच्या मतदान केंद्रावरच मत देता येते, आणि राखीव माणूस दिवसभर साहित्य वाटप केंद्रावर बसून राहू शकतो. अशांनी टपालीच घेतलेली बरी.

मतदानाचे टप्पे वेगळे असतील तर कधी यातल्या एकाही अर्जाची गरज नसते. २०२४ ला बारामतीत मतदान ७ मे रोजी झाले, पुण्यात १३ मे रोजी. खडकवासल्याच्या ज्या मतदाराची ड्युटी फक्त पुण्यात होती, तो ७ तारखेला आपल्याच केंद्रावर मत देऊ शकत होता.