प्लगची झाकणं की शटरचा सॉकेट?

रांगणाऱ्या बाळाच्या हाताला येणारे, जमिनीपासून फूट-दीड फुटावर असलेले सॉकेट, म्हणजे पलंगाशेजारचा, टीव्हीखालचा आणि हॉलच्या कोपऱ्यात ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून काढून ठेवलेला, एवढ्यांपुरतंच हे आहे. चार-साडेचार फुटांवरच्या बोर्डांची काळजी मूल खुर्ची ओढायला शिकेपर्यंत थांबू शकते. रांगणाऱ्या बाळासाठी खालच्या सॉकेटांचं काय करायचं, याला बाजारात सोपी उत्तरं दोनच आहेत: भोकांत बसवायची प्लास्टिकची झाकणं, किंवा सॉकेटच काढून आत शटर (प्लग नसताना भोकं झाकणारी पट्टी) असलेला नवा बसवणं. आमच्याकडे शेवटी शटर आले. पण झाकणं अगदीच टाकाऊ आहेत असं म्हणवत नाही, काही जागी तीच बरी पडतात.

आधी झाकणं. पाकीट आणायचं, दाबून बसवायची, पाच मिनिटांत घर तयार. वायरमन नको, मेन बंद करणं नको. अडचण मापात आहे. आपल्या ६ अँपिअरच्या तीन पिनी सॉकेटात खालच्या दोन पिना साधारण ५ मि.मी. जाडीच्या आणि एकमेकींपासून १९ मि.मी.वर असतात. १६ अँपिअरच्या पिना ७ मि.मी.च्या आणि अंतर २५ मि.मी.पेक्षा थोडं जास्त. ऑनलाइन मिळणारी बरीच झाकणं मात्र युरोपच्या दोन पिनी सॉकेटासाठी बनलेली असतात, त्यांच्या पिना ४ ते ४.८ मि.मी.च्या. अंतर जुळतं म्हणून ती आत जातात, पण सैल बसतात. वर्षाच्या मुलाची नखं ती सहज उचकटतात. अमेरिकी चपट्या पिनांची तर आपल्या सॉकेटात जातच नाहीत. घ्यायचीच असतील तर ६ अँपिअर तीन पिनी असं स्पष्ट लिहिलेली घ्या, आणि बसवल्यावर स्वतः कोरड्या हातांनी ओढून बघा (बटण बंद ठेवून, हे सांगायला नको). सहज निघाली तर ती तुमच्या घरासाठी नाहीत.

दुसरी गोष्ट पाकिटावर कधीच लिहिलेली नसते. आपल्याकडच्या पुष्कळ बोर्डांवर पाच भोकांचा सॉकेट असतो: वर अर्थिंगचं मोठं भोक, त्याखाली दोन, आणि दोन पिनी चार्जरसाठी आणखी दोन. ती शेवटची दोन भोकंही त्याच फेज-न्यूट्रलला (वीज आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या वायरींना) जोडलेली असतात. तीन पिनी झाकण बसवलं की तीन बंद झाली, दोन उघडीच राहिली, आणि वर आपण निश्चिंत. ६ आणि १६ अँपिअरसाठी वेगवेगळी भोकं असलेल्या जुन्या सहा भोकांच्या सॉकेटाचंही तेच. झाकण घेण्याआधी सॉकेटची भोकं मोजा.

हे सगळं जुळवून आणता येतं. पाच भोकांची झाकणं मिळतात, घट्ट बसणारीही मिळतात. ज्या कटकटीने आमच्यापुरता निकाल लावला ती वेगळीच आहे: झाकण काढलं की परत बसत नाही. पलंगाशेजारचा सॉकेट मोबाइलच्या चार्जिंगसाठी रोज लागतो. रात्री झाकण काढायचं, उशीजवळ ठेवायचं, सकाळी चार्जर घाईत उपसायचा आणि झाकण चादरीच्या घडीत, ड्रॉवरमध्ये किंवा पलंगाखाली जायचं. घट्ट झाकणांचं तर आणखी अवघड, ती काढायला किल्ली किंवा नाणं लागतं, म्हणून एकदा निघाली की घरातली ज्येष्ठ मंडळी ती मुद्दामच बाजूला ठेवतात. म्हणजे सैल असेल तर मूल काढतं, घट्ट असेल तर मोठे परत लावत नाहीत. जो सॉकेट सगळ्यात जास्त वापरात, तोच सगळ्यात जास्त वेळ उघडा. आणि सुटं झाकण स्वतःच धोक्याचं होतं. खेळण्यांच्या सुट्या भागांसाठीच्या चाचणीत ३१.७ मि.मी. व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं मानतात. दोन पिनी गोल झाकणावर मोजपट्टी ठेवून बघा, आपल्याकडचं त्या मापाच्या किती जवळ आहे ते कळेल.

शटरच्या सॉकेटात ही आठवण ठेवायची जबाबदारीच उरत नाही. प्लग काढला की आतली प्लास्टिकची पट्टी स्प्रिंगने सरकते आणि भोकं बंद. त्या पट्टीच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत वरची अर्थिंगची लांब पिन आत गेली की खालची भोकं उघडतात. दुसरीत खालच्या दोन्ही पिनांचा दाब एकाच वेळी, सारखा पडला तरच पट्टी हलते. ब्रिटनच्या चौकोनी पिनांच्या १३ अँपिअर सॉकेटला १९४७च्या मानकापासून शटर सक्तीचं आहे. आपण मात्र त्याआधीच्या गोल पिनांच्या पद्धतीवर राहिलो आणि जुन्या बोर्डांवर शटर क्वचितच दिसतं. हल्लीच्या मॉड्युलर सॉकेटांत ते बहुधा असतंच, त्यामुळे गेल्या काही वर्षांतला फ्लॅट असेल तर आधी टॉर्च मारून बघा. भोकांत पितळ चमकलं तर शटर नाही, पांढरं किंवा करडं प्लास्टिक दिसलं तर आहे.

दुकानात घेताना एक परीक्षा जरूर करा, सुट्या सॉकेटवर. खालच्या एकाच भोकात काडेपेटीतली काडी दाबा. पट्टी हलता कामा नये. मग दोन पिनी चार्जर सरळ दाबा. थोडा जोर लागून तो आत गेला पाहिजे. एका काडीने उघडणारं शटर म्हणजे निव्वळ धूळ अडवायची सोय, ते परत द्या. चार्जर अजिबात जात नसेल तर तो सॉकेट अर्थ पिनवाल्या तऱ्हेचा आहे. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनसाठी उत्तम, पलंगाशेजारी नको.

कारण शटरची कटकट नेमकी इथेच आहे. स्वस्तातल्या चार्जरच्या पिना बारीक आणि किंचित वाकड्या असतात. तिरक्या दाबल्या की एक बाजू आधी टेकते आणि शटर अडून बसतं. मग घरातलं कोणीतरी वरच्या अर्थिंगच्या भोकात पेनाचं टोपण किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून खालचं दार उघडतं. वायरमनही टेस्टर लावायला हेच करतात. मूल ते बघतं, हा एक भाग. आणि तशा ओढाताणीने पट्टीची खाच तुटते, मग ती अर्धी उघडीच राहते, हा दुसरा. यावर उपाय साधा: खालच्या सॉकेटसाठी एक चांगला, सरळ पिनांचा चार्जर ठरवून ठेवायचा, किंवा चार्जिंगचं काम सरळ वरच्या बोर्डावर न्यायचं. पहिले काही दिवस तक्रारी येतात. पुढे हाताला सवय होते, झाकणाच्या बाबतीत ती कधी झाली नाही.

बदलायचं काम अवघड नाही, पण ते वायरमनकडूनच करून घ्या आणि समोर उभे राहा. मॉड्युलर प्लेटमध्ये ६ अँपिअरचा सॉकेट दोन मॉड्यूलची, म्हणजे दोन साध्या बटणांएवढी, जागा घेतो. एका कंपनीचा सॉकेट दुसरीच्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा नीट बसत नाही, म्हणून प्लेट काढून मागचं नाव वाचून मगच खरेदी. जुन्या सनमायकाच्या बोर्डावर पियानो बटणं असतील तर त्या मापाचा शटरवाला सॉकेटही मिळतो. कापलेल्या भोकाचं माप मात्र घेऊन जा. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची लाइन चालू राहते, तेव्हा इन्व्हर्टरही बंद करायला सांगा. ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते. एका स्क्रूखाली दोन वायरी असतील, पुढच्या पॉइंटला लूप गेलेला असेल, तर दोन्ही पिळून एकत्र घट्ट बसल्या पाहिजेत. सैल राहिलेली जोडणी तापते, आणि काही महिन्यांनी सॉकेट पिवळा पडून वास यायला लागतो.

त्याच वेळी आणखी एक तपासून घ्या. समोरून बघताना अर्थिंग वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे असायला हवा. जुना सॉकेट काढण्याआधी बटण बंद करून दोन्ही भोकांत टेस्टर लावायला सांगा. बटण बंद असूनही दिवा लागला तर बटण न्यूट्रलवर बसलंय. अशा घरात ‘बटण बंद आहे ना, मग काही होत नाही’ हा भरवसा खोटा ठरतो. वायरमनला ते उलटवून द्यायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

दोन्ही एकत्र का नकोत, असा प्रश्न साहजिक आहे. शटर असलेल्या सॉकेटात वर झाकणही घातलं तर झाकणाच्या पिनांनी शटर उघडून राहतं. झाकण तुटलं, किंवा मुलाने ते उलटं करून नुसती अर्थची पिन वर अडकवली, की उघडी भोकं समोर. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये रुग्णालयं आणि देखभाल केंद्रांत १३ अँपिअर सॉकेटांना अशी झाकणं वापरू नका असं कळवलं, ते याच कारणाने. आपले सॉकेट वेगळे असले तरी तर्क तोच लागू पडतो.

झाकणं मला योग्य वाटतात ती अशा जागी: भाड्याचं घर, जिथे मालक बोर्डाला हात लावू देत नाही, सुट्टीत आठ दिवस जायचं ते गावचं घर, आणि एसीसाठी काढलेला पण एसी न लावलेला १६ अँपिअरचा पॉइंट. तिथे झाकण एकदा बसतं आणि कोणी काढत नाही, म्हणजे त्याची मुख्य खोड लागूच होत नाही. १६ अँपिअरची भोकं मोठी असल्याने तिथे झाकण नसणं जास्त वाईट.

ज्या सॉकेटात प्लग कायम असतो तिथे यातलं काहीच कामाचं नाही. शटर तेव्हा उघडं असतं आणि झाकणाला जागाच नसते. मूल प्लग अर्धा ओढतं आणि पिना दिसतात तेवढ्यात बोट लावतं. फ्रिजमागचा पॉइंट आड जातो. टीव्हीखालच्या पॉइंटावर प्लगसकट झाकणारा, कुलपाचा डबा स्क्रूने बसवावा. डासांचं लिक्विड मशीन खालच्या सॉकेटात मुळीच लावू नये, तिथे शॉकपेक्षा बाटलीतल्या औषधाची भीती जास्त. एक्स्टेन्शन बोर्डावरच्या, कुठल्याही तऱ्हेच्या पिना जातील अशा भोकांना तर झाकण नीट बसतही नाही. तो भिंतीवर वर ठोकायचा.

पैसे हाताशी असतील तर शटरच्या आधी आरसीसीबीची (जमिनीकडे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचची) चौकशी करावी, ३० मिलीअँपिअरचा. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारा स्विच, वायरी जळण्यापासून वाचवतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या हिशेबात इतका लहान असतो की एमसीबी पडतच नाही, म्हणजे वीज तोडत नाही. आरसीसीबी तेवढ्यावर पडतो. मात्र मुलाने फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लावला आणि ते गादीवर बसलेलं असेल, तर जमिनीकडे गळती होत नाही आणि आरसीसीबीला काही कळत नाही. म्हणून शटर लागतंच. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचा न्यूट्रल एकत्र बांधलेला असेल तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. मग कोणीतरी तो ‘त्रास देतो’ म्हणून बायपास करतं. तसं करू देऊ नका, न्यूट्रल वेगळे करून घ्या. इन्व्हर्टरवरचे पॉइंट त्याच्या टप्प्यात येतात का, तेही विचारा. आणि त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. घर अंधारात गेलं पाहिजे.

सगळे सॉकेट एकदम बदलायचे नसतील तर क्रम असा ठेवा: पलंगाशेजारचा पहिला, मग हॉलमधला रिकामा, मग स्वयंपाकघराच्या दारातला. टीव्हीमागचे शेवटी. तोवर उरलेल्यांना झाकणं चालतील, फक्त तीन पिनी की पाच, ते बघून.